भाड्याने मिळणारी रणभूमी

गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात मे महिन्यात आणि ऑगस्टमध्ये जमीन तीच असते, पण प्रदेश दोन असतात. मे महिन्यात सागाची पाने झडलेली असतात, नाल्यांत नुसती वाळू असते, तेंदूपानाच्या हंगामामुळे माणसे पहाटेपासून जंगलात असतात आणि उघड्या खोडांमधून बरेच लांबचे दिसते. ऑगस्टमध्ये त्याच जागी सागाची रुंद पाने, बांबूची बेटे आणि खालची झुडपे मिळून नजर अडवतात. झड लागली की रपटे, म्हणजे नाल्यांवरचे ठेंगणे पूल, पाण्याखाली जातात आणि पलीकडची गावे तुटतात. शेजारच्या भामरागडला पर्लकोटा नदी फुगली की तालुक्याचे ठिकाणच बाकीच्या जिल्ह्यापासून वेगळे पडते.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून वेगळा झाला. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, आणि त्यातला निम्म्याहून कितीतरी अधिक भाग जंगलाखाली. या जंगलात पोलिसांनी, पूर आल्यावर मदतीला जाणाऱ्या पथकांनी, जखमींना बाहेर काढणाऱ्या डॉक्टरांनी काम कसे करावे, हे शिकवायचे कुठे? प्रत्यक्ष जमिनीवर शिकताना झालेली चूक फार महाग पडते. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, याच जिल्ह्यात कुरखेडा तालुक्यातल्या जांभुळखेडा येथे भूसुरुंगाच्या स्फोटात शीघ्र कृती पथकाचे १५ जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक मारले गेले. रस्त्यावरची एक गाडी, एक वळण, काही सेकंद. असा प्रसंग जवानाने आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या रस्त्यावर अनुभवू नये, यासाठी सरावाची गरज असते.

सरावासाठी आज जगात एक नवी सोय उभी राहते आहे. संगणकात तयार केलेला एकच प्रदेश, त्यात वेगवेगळ्या देशांची पथके एकाच वेळी उतरलेली, आणि प्रत्येक पथक मात्र आपापल्या देशातल्या खोलीत बसलेले. हा प्रदेश चालवणारी यंत्रे कोणा एकाच्या छावणीत नसतात. ती क्लाउडवर असतात, आणि लागतील तेव्हा, लागतील तेवढी, सेवा म्हणून घेता येतात. एटापल्लीच्या जंगलाचा असा सराव कुठे भरतो, असा दावा इथे करायचा नाही. पण हे तंत्र कुठे ताकदवान आहे आणि कुठे लंगडे पडते, हे तपासायला एटापल्लीइतकी कडक कसोटी क्वचित सापडेल. म्हणून या प्रकरणात आपण ही जमीन कसोटीला ठेवू.

औंधला आलेले देश

अनेक देशांचे सैनिक एकत्र सराव करतात म्हणजे काय होते, हे पाहायला महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही. पुण्यातल्या औंध लष्करी तळावर परदेशी सैन्यांसोबतच्या सरावासाठी खास केंद्र आहे. मार्च २०१६ मध्ये तिथे ‘फोर्स एटीन’ हा सराव झाला. आग्नेय आशियातले देश आणि त्यांच्यासोबत भारत, चीन, जपान, रशिया, अमेरिका, दक्षिण कोरिया, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड असे एकूण १८ देश त्यात होते. भारताच्या तुकडीचे नेतृत्व लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशी यांच्याकडे होते. त्या सिग्नल्सच्या, म्हणजे सैन्याच्या संदेशवहन शाखेच्या अधिकारी. सरावाचे विषय दोन होते: पेरलेले भूसुरुंग शोधून जमीन माणसांसाठी पुन्हा सुरक्षित करणे, आणि संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना म्हणून काम करणे.

सप्टेंबर २०१८ मध्ये बंगालच्या उपसागराभोवतीच्या बिमस्टेक देशांचा लष्करी सराव औंधलाच झाला. मार्च २०१९ मध्ये आफ्रिकी देशांच्या तुकड्या आल्या. तेव्हाही विषय भूसुरुंग आणि शांतिसेना हेच होते. मार्च २०२३ मध्ये आफ्रिकी देशांसोबतचा हा सराव पुण्यात पुन्हा झाला. डिसेंबर २०२१ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगमध्ये बिमस्टेक देशांनी नैसर्गिक आपत्तीत एकमेकांना मदत कशी करायची याचा सराव केला. त्याचे नाव होते ‘पॅनेक्स-२१’.

आता या यादीकडे एटापल्लीच्या बाजूने पाहा. रस्त्याखालचा सुरुंग, पुराने तुटलेली गावे, भाषा न कळणारी वस्ती, आणि मदतीला आलेली बाहेरची माणसे. कांगो किंवा दक्षिण सुदानमध्ये शांतिसैनिकासमोर जे उभे राहते, त्यातले बरेचसे गडचिरोलीच्या पोलिसाने पाहिलेले असते. म्हणून हे सराव आपल्यासाठी परके नाहीत.

मात्र प्रत्यक्ष एकत्र येऊन सराव करण्याला मर्यादा आहेत. पंधरा-वीस देशांच्या तुकड्या विमानाने आणायच्या, त्यांच्या राहण्याजेवणाची व्यवस्था करायची, आणि हातात जेमतेम आठवडा-दहा दिवस. प्रत्येकाचे वायरलेस संच वेगळे, नकाशावरची चिन्हे वेगळी, हुकूम देण्याची पद्धत वेगळी. पहिले काही दिवस एकमेकांना समजून घेण्यात जातात. सराव रंगात येतो तोवर परतीचे विमान उभे असते. शिवाय लहान देश मोजकीच माणसे पाठवू शकतो. जे येतात ते शिकतात, घरी राहिलेली पूर्ण बटालियन तशीच राहते.

डिसेंबर २०१९ मधला भारत-रशिया ‘इंद्र’ सराव या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तिन्ही दलांचा हा सराव झाशीजवळचे बबिना, पुणे आणि गोवा अशा तीन ठिकाणी एकाच काळात झाला. लष्कर, हवाई दल आणि नौदल यांना आपापली योग्य जागा लागते, आणि ती एका गावात मिळत नाही. सराव विखुरलेला असणे ही अशा कामाची स्वाभाविक अवस्था आहे. प्रश्न उरतो तो विखुरलेले तुकडे एका प्रसंगात गुंफायचे कसे.

टेबलावरून यंत्रात

लढाई टेबलावर खेळून पाहण्याची पद्धत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रशियात रायसवित्झ पितापुत्रांनी नकाशा, ठोकळे आणि फासे वापरून अधिकाऱ्यांसाठी युद्धखेळ तयार केला. १८२४ मध्ये तो प्रशियाच्या सैन्याने स्वीकारला. आजही आपल्याकडे मोहिमेवर निघण्याआधी जमिनीवर माती, दोरा, रंगीत चुना यांनी ‘सँड मॉडेल’ मांडतात आणि प्रत्येक जवान आपली जागा त्यावर दाखवतो.

संगणकी सराव तीन प्रकारचे असतात. पहिल्यात माणूस खरा, यंत्र खरे, फक्त गोळी खोटी असते: बंदुकीतून लेसरचा किरण सुटतो आणि समोरच्याच्या अंगावरचा संच ‘लागली’ असे सांगतो. दुसऱ्यात माणूस खरा आणि यंत्र बनावट: रणगाड्याच्या आतल्यासारख्या खोलीत चालक बसतो, खिडकीत पडद्यावरचा रस्ता असतो. अहिल्यानगरच्या चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्रासारख्या ठिकाणी जवान अशा यंत्रांवर हात बसवतात. तिसऱ्यात माणसेही संगणकाचीच: हजारो सैनिक, गाड्या, गावकरी पडद्यावर हलतात आणि खरी माणसे असतात ती फक्त निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यांच्या खोलीत. ब्रिगेडचा कमांडर पाच हजार माणसांना कसे हलवतो हे शिकवायला हा तिसरा प्रकार लागतो, कारण त्यासाठी पाच हजार माणसे दर महिन्याला जंगलात उतरवता येत नाहीत.

ही बनावट यंत्रे एकमेकांना जोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न अमेरिकेत १९८३ मध्ये सुरू झाला. जॅक थॉर्प या हवाई दलाच्या अधिकाऱ्याची ती कल्पना. प्रकल्पाचे नाव होते ‘सिमनेट’. त्याआधीचे सिम्युलेटर, म्हणजे अशी बनावट यंत्रे, अतिशय महाग आणि एकेकटे होते. थॉर्प यांनी उलटा विचार केला: यंत्र थोडे साधे असले तरी चालेल, पण शेजारच्या रणगाड्यात खरा माणूस हवा, कारण सैनिक मुख्यतः दुसऱ्या माणसांसोबत काम करायला शिकतो. १९९० पर्यंत दोनशेहून अधिक सिम्युलेटर या जाळ्यात होते, काही अमेरिकेत आणि काही युरोपात.

या तंत्राचा कस लागला तो एका खऱ्या लढाईनंतर. २६ फेब्रुवारी १९९१ रोजी इराकच्या वाळवंटात ‘७३ ईस्टिंग’ या नावाने ओळखली जाणारी रणगाड्यांची लढाई झाली. युद्ध संपल्यावर एक पथक त्या जागी गेले. त्याने वाळूतल्या खुणा आणि जळालेल्या गाड्यांच्या जागा मोजल्या, लढलेल्या जवानांना क्षणाक्षणाचे विचारले, आणि त्यावरून संपूर्ण लढाई संगणकात पुन्हा उभी केली. ती पुन्हा पुन्हा चालवून अधिकाऱ्यांनी अभ्यासली. यंत्रातली लढाई विश्वासार्ह ठरली, कारण तिच्यामागे पायी फिरून केलेली मोजदाद होती. हा धागा पुढे आपल्याला लागणार आहे.

यंत्रे एकमेकांशी काय बोलतात

दहा देशांचे सिम्युलेटर जोडायचे तर पडद्यावरचे चित्र सर्वांना सतत पाठवावे लागेल असे वाटते. तसे केले तर कुठलीही तार पुरणार नाही. सिमनेटने काढलेली वाट आजही चालते. प्रत्येक यंत्राकडे प्रदेशाची पूर्ण प्रत आधीपासून असते. तारेवरून जातो तो फक्त बदल: माझी गाडी इथे आहे, या दिशेने, या वेगाने निघाली आहे.

त्यातही एक शहाणपण आहे. गाडी सरळ रस्त्याने ताशी तीस किलोमीटरने जात असेल तर प्रत्येक क्षणाला सांगण्याची गरज नसते. समोरचे यंत्र शेवटच्या निरोपावरून ती आता कुठे असेल याचा हिशोब स्वतःच करते. गाडी वळली, थांबली किंवा तिचा वेग बदलला, तरच नवा निरोप जातो. काहीच बदलले नाही तरी ठरावीक वेळाने, साधारणपणे दर पाच सेकंदांनी, ‘मी आहे’ एवढे कळवले जाते. निरोप येणे बंद झाले की काही सेकंदांत ती गाडी इतरांच्या पडद्यावरून काढून टाकली जाते.

हे निरोप कोणत्या साच्यात पाठवायचे याचे आंतरराष्ट्रीय मानक १९९३ मध्ये ठरले. त्याला ‘डीआयएस’ म्हणतात. नंतर अधिक लवचीक पद्धत आली, ‘एचएलए’. तिचे मानक २००० मध्ये प्रसिद्ध झाले. एचएलएमध्ये सरावापूर्वी सर्वजण एका यादीवर सही करतात: या सरावात कोणत्या वस्तू असतील, त्यांचे कोणते गुण सांगितले जातील, कोण काय पाठवेल आणि कोणाला काय हवे आहे. नदीची पातळी ज्याला हवी त्यालाच ती जाते. तोफेच्या सिम्युलेटरला गावातल्या दवाखान्यात किती खाटा उरल्या हे ऐकण्याची सक्ती नसते.

एवढे करूनही एक अडचण उरते आणि ती एटापल्लीत लगेच दिसेल. समजा एका देशाच्या प्रदेश-प्रतीत रस्त्याकडेला सागाची दाट रांग आहे आणि दुसऱ्या देशाच्या प्रतीत तिथे मोकळे मैदान आहे. पहिला जवान झाडाआड निर्धास्त बसला आहे. दुसऱ्याला तो उघड्यावर दिसतो. पहिला मरतो आणि त्याला कारण कळत नाही. असा सराव चुकीचा धडा देतो. म्हणून सर्वांनी एकाच प्रदेशाची, एकाच आवृत्तीची प्रत वापरणे हे बहुराष्ट्रीय सरावातले सर्वांत कठीण काम समजले जाते.

दुसरी अडचण अंतराची. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पुणे ते नैरोबी हे सरळ अंतर साडेचार हजार किलोमीटरहून जास्त आहे. म्हणजे निरोप पोहोचायला कमीत कमी तेवीस-चोवीस मिलिसेकंद, आणि तार समुद्रातून वळसे घेत जात असल्याने प्रत्यक्षात त्याहून जास्त. कमांडरच्या सरावात याने काही बिघडत नाही, कारण तिथे निर्णय मिनिटांत आणि तासांत होतात. दोन विमानांच्या जवळच्या झुंजीत मात्र हाच उशीर नेम चुकवतो. सेवा दूरवरून घ्यायची की यंत्र जवळ ठेवायचे, हे सरावाचा वेग ठरवतो.

गिरणी एक, धान ज्याचे त्याचे

गडचिरोलीत धानाची मळणी झाली की शेतकरी घरात गिरणी बसवत नाही. पोते घेऊन राईस मिलवर जातो, भरडाई देतो, आपला तांदूळ घेऊन येतो. गिरणीची दुरुस्ती, वीज, नवा पट्टा हे सगळे मालक पाहतो. क्लाउडवरच्या सरावसेवेचा व्यवहार नेमका असाच आहे. धान म्हणजे प्रत्येक देशाची माणसे, त्याचे डावपेच, त्याचे प्रश्न. गिरणी म्हणजे प्रदेश, हवामान, गर्दी आणि गाड्या चालवणारी यंत्रे.

नाटो देशांनी या दिशेने पद्धतशीर काम केले. २०१४ ते २०१७ या काळात त्यांच्या एका संशोधनगटाने सिम्युलेशन ही सेवा म्हणून कशी देता येईल याची चौकट आखली, आणि पुढच्या गटांनी ती प्रयोगांतून पुढे नेली. मूळ विचार असा: अवाढव्य सॉफ्टवेअर एकसंध ठेवण्याऐवजी त्याचे सुटे भाग करायचे. जमिनीचा चढउतार सांगणारा एक भाग. पाऊस आणि धुके देणारा दुसरा. वाहने हलवणारा तिसरा. गोळी किंवा स्फोट कोणाला लागला याचा निवाडा करणारा चौथा. प्रत्येक भाग स्वतंत्र डब्यात बंद करून ठेवला, की तो कुठल्याही सर्व्हरवर जसाच्या तसा उघडतो. या सर्व भागांची एक सूची असते. सराव आखणारा अधिकारी सूचीतून हवे ते निवडतो, जोडतो आणि चालवतो. सराव संपला की यंत्रे मोकळी होतात आणि दुसऱ्या कोणाच्या कामी येतात.

याचे फायदे ठोस आहेत. वर्षातून दोन आठवडे लागणाऱ्या संगणकांसाठी बारा महिने इमारत, वीज आणि तंत्रज्ञ पोसावे लागत नाहीत. निवाड्याच्या नियमांत सुधारणा झाली, की ती एकदा केली तरी सर्वांना मिळते, आणि आवृत्त्यांचा घोळ कमी होतो. सर्वांनी एकच जमीन-सेवा वापरली तर झाडाआडच्या जवानाचा अन्यायही टळतो. आणि मला सर्वांत मोलाचा वाटणारा फायदा म्हणजे लहान देशालाही मोठ्या देशाइतकीच चांगली सरावभूमी मिळते. ज्याच्याकडे स्वतःचे युद्धखेळ केंद्र उभारायला पैसा नाही, त्याचा अधिकारीही मेजाशी बरोबरीने बसतो.

विखुरलेल्या सरावाचे जुने आणि मोठे उदाहरण स्वीडनने १९९९ पासून चालवलेल्या ‘वायकिंग’ सरावाचे आहे. त्यात सैनिकांबरोबर पोलीस, सरकारी अधिकारी आणि मदतसंस्थाही असतात. एका कल्पित देशातले संकट सर्वांनी मिळून हाताळायचे असते, आणि सहभागी माणसे वेगवेगळ्या देशांतल्या केंद्रांतून, अगदी ब्राझीलमधूनही, जोडलेली असतात. खऱ्या संकटात सैन्य एकटे नसते. जिल्हाधिकारी, तहसीलदार, आरोग्य अधिकारी, पत्रकार, ग्रामसभा हे सगळे तिथे असतात, आणि त्यांनाही सराव लागतो, ही वायकिंगची शिकवण आपल्याकडे मनावर घेण्यासारखी आहे.

क्लाउड जमिनीवर कुठे असतो

क्लाउड म्हणजे शेवटी इमारती आहेत: थंड ठेवलेले मोठे हॉल, सर्व्हरच्या रांगा, दोन दिशांनी येणारी वीज, डिझेलचे जनरेटर. भारतातल्या अशा इमारतींचा मोठा वाटा मुंबई, नवी मुंबई आणि पुणे या पट्ट्यात आहे, कारण समुद्राखालून येणाऱ्या अनेक केबल मुंबईला लागतात. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत आपली केंद्रे सुरू केली. ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत केली. सरकारी कामासाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचा ‘मेघराज’ हा क्लाउड २०१४ पासून आहे.

लष्करी सराव मात्र असा कुठल्याही सर्व्हरवर ठेवता येत नाही. सरावातून सैन्य कसा विचार करते हे उघड होते. कमांडरने पहिल्या तासात काय केले, राखीव तुकडी कधी पाठवली, कुठे चुकला, ही नोंद शत्रूच्या हाती पडली तर ती खऱ्या नकाशाइतकीच किमती ठरते. म्हणून असे सराव वेगळ्या, बंद जाळ्यावर चालवतात. मित्रदेशांबरोबर चालवताना कोणती माहिती कोणाला दिसेल याच्या पायऱ्या ठरवतात, आणि अनेकदा खऱ्या शस्त्राचे गुणधर्म लपवून सर्वसाधारण आकडे वापरतात.

गिरणी कोणाच्या मालकीची हा प्रश्नही इथेच येतो, आणि महाराष्ट्राला त्याचा अनुभव आहे. १९८० च्या दशकात भारताला हवा होता त्या ताकदीचा महासंगणक अमेरिकेने दिला नाही. त्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ सुरू झाले आणि अकोला जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. दुसऱ्याचे यंत्र कितीही सोयीचे असले, तरी ते बंद करण्याची कळ दुसऱ्याच्या हाती असते. मित्रदेशांसोबतच्या सरावासाठी सेवा घ्यावी, पण ज्या सरावावर आपल्या जवानांचे जीव अवलंबून आहेत त्याची यंत्रे, जमिनीची माहिती आणि नोंदी आपल्याच देशात, आपल्याच ताब्यात असाव्यात.

या दिशेने पावले पडली आहेत. सप्टेंबर २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने तिन्ही दलांत सिम्युलेटरचा वापर वाढवण्यासाठी चौकट जाहीर केली. मे २०२२ मध्ये सैन्याच्या प्रशिक्षण कमांडने राष्ट्रीय रक्षा विद्यापीठाशी दिल्लीत युद्धखेळ संशोधन व विकास केंद्र उभारण्यासाठी करार केला. गोव्यात नौदलाच्या युद्ध महाविद्यालयात अधिकारी युद्धखेळ खेळतात, आणि हिंद महासागरातल्या शेजारी देशांच्या नौदलप्रमुखांची परिषदही गोव्यातच भरते. भूसुरुंग, पूर आणि शांतिसेना या विषयांवर शेजारी आणि आफ्रिकी देशांना सरावसेवा देणारा देश होण्याची पात्रता भारताकडे आहे. अनुभव आपला आहे, संगणकी मनुष्यबळ आपले आहे, आणि औंधसारखे केंद्र आधीच चालू आहे.

एटापल्लीची कसोटी

आता हा सगळा डोलारा एटापल्लीच्या जमिनीवर उभा करून पाहू. पहिला प्रश्न: संगणकाला ही जमीन कळते का?

जगाच्या बऱ्याच भागाची उंची सांगणारी माहिती फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अंतराळयानाने रडारने गोळा केली. तिच्यातला एक ठिपका सुमारे तीस मीटरचा आहे. तीस मीटरच्या ठिपक्यात गाडी अडवणारा नाला हरवून जातो. शिवाय त्या रडारचा किरण दाट झाडीतून पूर्णपणे जमिनीपर्यंत जात नाही. तो बराचसा झाडांच्या माथ्यावरून आणि फांद्यांतून परत येतो, त्यामुळे घनदाट जंगलात जमीन आहे त्यापेक्षा उंच नोंदली जाते. भारताच्या २००५ च्या कार्टोसॅट-१ उपग्रहाने जोडचित्रे घेऊन उंची काढली, पण छायाचित्रालाही वरून झाडांचे माथेच दिसतात. विमानातून लेसर सोडून केलेले मोजमाप पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोहोचते, आणि मे महिन्यात पानझडीनंतर केले तर अधिक चांगले पोहोचते. उघड्या जमिनीवर नीट चालणारी पद्धत याच जिल्ह्यातल्या आलापल्लीच्या सागवानी जंगलात तशीच चालत नाही.

दुसरा प्रश्न ऋतूचा. सेवेच्या सूचीत ‘जंगल’ असा एकच डबा असेल, तर मे आणि ऑगस्ट त्यात सारखेच असतील. कोणता रपटा किती पावसाला बुडतो, पाणी किती तासांनी उतरते, कोणत्या पायवाटेने बाई बाळंतपणासाठी दवाखान्यात आणली जाते, हे उपग्रह सांगत नाही. एसटीच्या चालकाला, आशाताईला, वनरक्षकाला आणि गावच्या पाटलाला ते माहीत असते; ‘७३ ईस्टिंग’च्या वेळेसारखे पायी फिरून त्यांना विचारावे लागते.

तिसरा प्रश्न माणसांचा. संगणकी सरावात गावकरी अनेकदा ठिपके असतात: काही पळतात, काही मधे येतात. एटापल्लीच्या खेड्यांत माडिया गोंड माणसे राहतात. त्यांची भाषा माडिया, त्यांचे सण, शेती आणि जंगलात जाण्याच्या वेळा ठरलेल्या. पहाटे जंगलात दिसलेली माणसांची रांग तेंदूपानासाठी निघालेली आहे हे ज्याला ठाऊक नाही, तो तिला धोका समजू शकतो. पडद्यावर झालेली ही चूक प्रत्यक्षात निरपराध माणसाच्या जिवावर बेतते. १९९० मध्ये गडचिरोली पोलिसांनी सी-६० हे पथक उभारले तेव्हा त्यात स्थानिक तरुण घेतले, कारण त्यांना ही जमीन आणि इथल्या भाषा घरातून माहीत होत्या. हेच ज्ञान सरावाच्या प्रदेशात उतरवणे हे संगणकतज्ज्ञासमोरचे खरे काम आहे.

चौथा प्रश्न प्रतिस्पर्ध्याचा. २००२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने सुमारे २५ कोटी डॉलर खर्चून ‘मिलेनियम चॅलेंज’ हा मोठा युद्धखेळ केला. शत्रूची भूमिका निवृत्त लेफ्टनंट जनरल पॉल व्हॅन रायपर यांच्याकडे होती. त्यांनी वायरलेस टाळला, मोटारसायकलवरून निरोप पाठवले, आणि अचानक हल्ला चढवून खेळातल्या सोळा युद्धनौका बुडवल्या. संयोजकांनी त्या नौका पुन्हा तरंगत्या केल्या आणि खेळ ठरल्या वाटेने पुढे नेला. व्हॅन रायपर यांनी ती भूमिका सोडली. यंत्र उत्तम होते, पण जे उत्तर आले ते ऐकायची तयारी नव्हती. गडचिरोलीसारख्या जंगलातही निरोप पायी चालत जाऊ शकतो. जो सराव शत्रूला फक्त वायरलेसवर बोलू देतो, तो आपल्याला खोटा धीर देतो.

पाचवा प्रश्न साधा आहे: तार पोहोचते का? पुण्यातला अधिकारी आणि नैरोबीतला अधिकारी एका प्रदेशात उतरतील, पण ज्या ठाण्यात पावसात नेटवर्कच राहत नाही तिथला उपनिरीक्षक उतरणार कसा? अशा ठिकाणांसाठी सेवेची छोटी प्रत एका पेटीएवढ्या सर्व्हरवर ठाण्यातच ठेवता येते. नेटवर्क असेल तेव्हा ती मुख्य केंद्राशी जुळवून घेते, नसेल तेव्हा एकटी चालते. क्लाउड वापरणाऱ्यांनी ही सोय आधी करावी, मग बाकीची चमक दाखवावी.

या पाच प्रश्नांची उत्तरे मिळाली, तर हे तंत्र एटापल्लीच्या फार कामाचे आहे. पर्लकोटेला पूर आला, तीन गावे तुटली, एका रस्त्यावर सुरुंगाचा संशय आहे, दवाखान्यात दोन खाटा उरल्या आहेत, हेलिकॉप्टर ढगांमुळे उडत नाही: असा प्रसंग तहसील, पोलीस, आरोग्य आणि आपत्ती निवारण पथक यांनी जूनच्या पहिल्या आठवड्यात पाच वेळा खेळून पाहावा. पाचही वेळा चुकावे, चुका लिहून ठेवाव्यात, आणि जुलैत कमी चुकावे. हाच प्रसंग उद्या शांतिसेनेत जाणाऱ्या भारतीय, केनियन किंवा नेपाळी अधिकाऱ्याला शिकवता येईल. मोबदल्यात त्यांच्या प्रदेशांतले शहाणपण आपल्याला मिळेल.

म्हणून सरावसेवा विकत घेणाऱ्या प्रत्येक सरकारी कार्यालयाने काही गोष्टी विचारून घ्याव्यात. ही जमीन कोणी मोजली आणि कोणत्या महिन्यात? तिथे राहणाऱ्या माणसांना विचारले का? शत्रूला मोकळेपणाने जिंकू देणार का? नोंदी कुठे राहतील आणि कोण पाहील? नेटवर्क गेले तर काय? समाधानकारक उत्तर नसेल तर यंत्र कितीही देखणे असो, पैसे देऊ नयेत.

आणि गडचिरोली-चंद्रपूरच्या शाळा-महाविद्यालयांत भूगोल, सर्वेक्षण किंवा संगणक शिकणाऱ्या मुलामुलींनी हे ध्यानात ठेवावे: या क्षेत्राला सर्व्हर भाड्याने मिळतात, सॉफ्टवेअर भाड्याने मिळते, तज्ज्ञही काही काळ भाड्याने मिळतात. आपल्या नाल्याला पाणी कधी येते आणि आपली माणसे कोणत्या वाटेने जातात, हे ज्ञान मात्र तुमच्याकडे आहे. ते नीट मोजायला आणि नोंदवायला शिका. या ज्ञानावाचून एटापल्लीचा कोणताही सराव भरवशाचा होणार नाही.